मशीनला पटलेलं तोंड

आमच्या ह्यांच्या तोंडाबद्दल माझी लग्नापासून तक्रार आहे. रूपाबद्दल नाही हं. रूप चांगलंय, नाक तर माझ्यापेक्षा सरळ आहे. तक्रार आहे ती त्या तोंडावर जे काही उमटतं त्याबद्दल. जेवताना कपाळाला आठ्या. टीव्ही बघताना आठ्या. माझ्या भावाने वाडीतले चिकू पाठवले, तर पेटी उघडतानाही आठ्या. एकदा मी नवी साडी नेसून हौसेने समोर जाऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं साडीला मागून आग लागली असावी.

"काय झालं?" मी विचारते.

"कुठे काय?"

"मग तोंड असं का?"

"तोंडच असं आहे माझं."

ह्याच्यावर माणसाने काय बोलावं, तुम्हीच सांगा! भांडायला काहीतरी धागा लागतो. हे धागाच देत नाहीत.

मी तारापूरच्या पुढची, समुद्रकाठची. नारळ, चिकू आणि थोडी भाजी, एवढी आमची वाडी. आमच्या घरात बोलण्यापेक्षा तोंडं जास्त चालायची. जवळच्या दांडी गावाहून मासळीवाली यायची, पाटी उतरवायची. आई बोंबील उचलून बघायची आणि एक शब्द न बोलता नाक असं काही मुरडायची की ती बाई आपणहून भाव कमी करायची. तेच नाक बघत मी मोठी झाले. पुढे मी ब्लाउज शिवायला लागले, तिथेही हीच विद्या कामी आली. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून "छान बसलाय हो" म्हणतं, पण ओठाचा कोपरा सांगतो की बाही घट्ट झालीय. मी लगेच म्हणते, "काढा, उसवून देते." बायका थक्क होतात.

आणि माझी गाठ पडली ती ह्यांच्याशी. हे सोलापूरकडचे, नोकरीसाठी बोईसरला आलेले. तिकडे उन्हात डोळे बारीक करून करून बहुतेक सगळ्या घराचीच कपाळं तशी झालीत. आमच्या लग्नाच्या फोटोत सासरची रांग बघा. माझ्या शेजारी ओळीने उभे आहेत आणि सगळ्यांची तोंडं मयताला आल्यासारखी. प्रत्यक्षात माणसं फार चांगली. पण हे कळायला मला वर्षं लागली, आणि नवऱ्याच्या बाबतीत तर खात्री अशी कधी झालीच नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे बघायलाही तोंडं दोनच उरली.

ह्यांचा कारखाना तारा ओढायचा. जाड सळई मशीनमधून ओढून ओढून बारीक तार करतात. आधी तिथे हजेरीसाठी अंगठा लावायला लागायचा. पण वर्षानुवर्षं तार हाताळून निम्म्या लोकांच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या. अंगठा लावला तरी मशीन ढिम्म. मग कंपनीने गेटवर चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन बसवलं. समोर उभं राहायचं. ओळख पटली तर आतली बाई गोड आवाजात म्हणते, "थँक यू." नाही पटली तर तेवढ्याच गोड आवाजात, "प्लीज ट्राय अगेन."

ज्या दिवशी सगळ्यांचे चेहरे त्या मशीनमध्ये भरून घ्यायचे होते, नेमकं त्याच सकाळी आमचं वाजलं. मी पहाटे उठून सुके बोंबील भाजले, लसूण-मिरची घालून वरवंट्याने ठेचले, वर कच्चं तेल सोडलं. माझ्या आईच्या हातची चव आली होती, मीच चाटून बघितली होती ना! ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला आणि झालं. आठ्या आल्या.

"नाही आवडली तर तसं सांगा," मी म्हटलं.

"मी काही बोललोय का?"

"तोंड बोलतंय ना!"

"तोंडच असं आहे माझं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबा ओट्यावर असा आदळला की झाकण उडून सिंकमध्ये पडलं. हे ताटावरून उठले, गाल फुगवले, भुवया एकमेकींना चिकटवल्या आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. ते तोंड घेऊन थेट मशीनपुढे उभे राहिले. मशीनवाल्याने सांगितलं, सरळ बघा, हलू नका. हे हलले नाहीत. मशीनने ते तोंड मनापासून साठवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर मित्रांची काहीतरी थट्टामस्करी चालली होती आणि हे हसत हसत मशीनपुढे गेले. हसत हसत! हे गेटवर हसतात, ही बातमी मला फार उशिरा कळली आणि खरं सांगते, सगळ्यात आधी मला तीच लागली. तर हे हसत गेले आणि बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." परत गेले. "प्लीज ट्राय अगेन." मागे रांग खोळंबली. वॉचमन उत्तरेकडचा, तो म्हणाला, "साहब, कल जैसा मुँह बनाइए ना." आता मुद्दाम तसं तोंड करायचं कसं? तेव्हा रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, वहिनीची आठवण काढ!"

ह्यांनी आठवण काढली. आठ्या आल्या. "थँक यू," बाई म्हणाली.

झालं, त्या दिवसापासून कारखान्यात तो वाक्प्रचारच होऊन बसला. मशीनने कुणालाही अडवलं की मागचे म्हणायचे, "वहिनीची आठवण काढ." कुणाची वहिनी? मी! आणि मला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

कळलं ते वाणगावला. ह्यांच्या एका मित्राच्या नातवाचं बारसं होतं. मी पाळण्याजवळ बसले होते, तेवढ्यात त्या मित्राची बायको लगबगीने आली आणि माझा हात धरून म्हणाली, "अय्या, तुम्हीच ना त्या? ज्यांची आठवण काढली की गेट उघडतं?"

मी लाजले. माझ्या वयाला शोभत नाही, पण लाजले. मनात म्हटलं, बघा हं, घरात तोंड उघडत नाहीत आणि बाहेर चारचौघांत बायकोचं नाव काढतात! ती दुपार मी अक्षरशः हवेत होते. बुंदीचे लाडू जास्तच खाल्ले. मांडवात पलीकडच्या बाजूला हे पुरुषांत बसले होते, त्यांच्याकडे मी जरा प्रेमाने बघितलं. त्यांनी भुवई उडवून विचारलं, काय? मी मान हलवली, काही नाही. असू दे, म्हटलं, माणूस आतून वेगळा असतो.

परत येताना बाइकवर मागे बसून मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला कळलं हं."

"काय कळलं?"

"गेटवर रोज कुणाची आठवण काढता ते."

बाइक केवढी डगमगली! "कोणी सांगितलं तुला?" हे म्हणाले. आवाज लाजलेल्या माणसाचा नव्हता, पकडला गेलेल्याचा होता. मी खांद्यावरचा हात काढून घेतला. बोईसर येईपर्यंत मी एकेक करून सगळं वदवून घेतलं. जिना चढेपर्यंत लाडू माझ्या घशाशी आले होते.

मी चार दिवस बोलले नाही. अबोला धरला की आमच्याकडे घर मस्त शांत असतं, ह्यांना फरकही पडत नसावा असं वाटतं. पण मला रडू येत होतं, उगाच कशाला लपवू? शिवणयंत्रावर बसले की डोळे भरून यायचे आणि टाका तिरका जायचा. माझ्यावर हा माणूस खूश नाही, अशी शंका मला होतीच. शंकेचं काय, ती आज असते, उद्या विरते. पण आता मशीनचा शिक्का बसला होता. मित्रांनी हसवलं तर त्या बाईला हे ओळखू येत नाहीत, आणि माझी आठवण काढली की लगेच थँक यू. ह्याचा अर्थ काय काढायचा दुसरा? मला दागिने नको होते, फिरायला नको होतं. मला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, माझ्यामुळे ह्यांचं तोंड असं व्हावं की त्या मशीनला ओळखू येऊ नये.

अबोला सुटला तेव्हा मी फर्मान काढलं, "तो फोटो बदलून आणा."

हे बिचारे ऑफिसात गेले. मशीनवाला पालघरहून यायचा होता, तो केव्हातरी आला. त्याने ह्यांना परत समोर उभं केलं आणि सांगितलं, "हसायचं नाही, साधं तोंड ठेवा." ह्यांनी साधं तोंड ठेवलं.

संध्याकाळी मी दारातच विचारलं, "बदललं?"

"बदललं."

"मग आता?"

"आता पण तेच आलंय," हे म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मी दुसऱ्याच दिवशी उठून माहेर गाठलं. आई ओटीवर चिकू निवडत बसली होती, मोठे एका बाजूला, बारके एका बाजूला. मी तिला सगळं सांगितलं, रडून सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेईल. तिने हातातला चिकू दाबून बघितला आणि म्हणाली, "तुज्या बापाचा तोंड तू कदी हासरा बगला हाय काय?"

मी विचार केला. खरंच आठवेना.

"मग तुला कसं कळायचं, बाबा खूश आहेत का रागावलेत?"

"तोंडाकडं बगतो कोन? मी चपला बगते. नीट काडून भिंतीला लावल्या तं सगला बरा हाय. उडवल्या तं त्या दिसी मी बोलतच नाय."

"आई, मी काय आता चपला बघत बसू?"

"नको बगू. पन जरा आरशात बग. आल्यापासून चिंच खाल्ल्यावानी बसली हाय."

आईशीही वाजलं. माहेरून मी ठरवल्यापेक्षा लवकर परत आले, येताना चिकू मात्र आणले.

मग दसरा आला. दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात. एरवी मी जायचा कंटाळा करते, पण यंदा मीच म्हटलं, चला. माझ्या डोक्यात बेत होता. मी शेजारी उभी राहणार, हे हसणार, बाई "ट्राय अगेन" म्हणणार आणि सगळा कारखाना बघणार. मी ठेवणीतली हिरवी साडी नेसले, गजरा माळला. वाटेत दोन विनोद सांगून बघितले. दोन्ही वाऱ्यात गेले, हे हेल्मेटमधून फक्त "हं" म्हणाले.

गेटवर झेंडूची तोरणं, ही गर्दी! रांगेत सगळ्यांची बायकापोरं नटूनथटून. एकेक माणूस पोराच्या हाताला धरून खिदळत पुढे यायचा, मशीनपुढे क्षणभर तोंड पाडायचा आणि पलीकडे जाऊन परत खिदळायचा. मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं. मला माझ्या कामावर लक्ष द्यायचं होतं. आमचा नंबर आला. मी ह्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले. हसा. आता हसा. हसा म्हणते ना!

ह्यांचं पाऊल मशीनपुढच्या पिवळ्या पट्टीवर नीट टेकलंही नव्हतं, तोवर बाई म्हणाली, "थँक यू."

एवढ्या लवकर ती कधीच म्हणाली नव्हती म्हणे. मागची अख्खी रांग फुटली हसून. "वहिनी साक्षात आल्यावर मग काय!" कुणीतरी ओरडलं. वॉचमन हात जोडून मला म्हणाला, "भाभीजी, आप रोज आया कीजिए, लाइन जल्दी निकलेगी." सगळे हसले, हे पण हसले. मी हसले नाही. पूजा झाली, आरती झाली, हातावर पेढा पडला. तो मी तसाच रुमालात बांधला.

परतताना मला पुढे जाववेना. मी ह्यांना बाइक थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून सरळ विचारलं, "तुम्ही माझ्यावर नाराज आहात का? एकदाच काय ते सांगून टाका."

ह्यांनी हेल्मेट काढून बाइकच्या आरशाला अडकवलं. मग म्हणाले, "तू मघाशी माझ्याकडे कशी बघत होतीस, माहीत आहे? शाळेत इन्स्पेक्टर यायचे तसं. रोज तसंच बघतेस. मी घरात पाऊल टाकतो, तू आधी माझं तोंड तपासतेस. आज आठ्या आहेत का, किती आहेत. मला तू तपासताना दिसतेस आणि मग असतील नसतील त्या सगळ्या येतात. मला वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय. तुला वाटतं, माझं बिनसलंय. ह्यात हसायचं कुणी आणि कधी?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं लांब बोलणं मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"हे उत्तर नाही झालं," मी म्हटलं.

"आहे मी नाराज," हे म्हणाले. "कधीकधी. तू?"

"मी तर खूपदा."

"ते दिसतं," हे म्हणाले. मला राग यायला हवा होता, पण उलट पायातून काटा निघाल्यासारखं वाटलं. मी रुमाल सोडला, पेढ्याचे दोन भाग केले आणि आम्ही तिथेच उभ्या उभ्या खाल्ले. ट्रकवाले हॉर्न मारत जात होते.

पुढच्या आठवड्यात ह्यांना पहिली पाळी होती. मी भाकऱ्या थापत होते आणि ठरवलं होतं, आज ह्यांच्या तोंडाकडे बघायचंच नाही. सोपं नाही हो ते! मान सारखी आपोआप वळते. पण मी तव्यावरची नजर काढली नाही. पाठीमागे हे जेवत होते. आठ्या होत्या का नव्हत्या, देव जाणे. जेवण झाल्यावर त्यांनी रिकामं ताट माझ्या बाजूने पुढे केलं. मी ते घेतलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मागे न बघता, त्या मशीनमधल्या बाईच्या गोड आवाजात म्हटलं, "थँक यू."

मागे हात धुतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने हे म्हणाले, "माझा रुमाल कुठाय?"

"प्लीज ट्राय अगेन."

"अगं, उशीर होतोय. रुमाल."

"प्लीज ट्राय अगेन," मी भाकरी उलटली. "साधं तोंड ठेवा. हलू नका."

दोरीवरून रुमाल ओढल्याचा आवाज आला, दार लागलं, जिन्यात बूट वाजले. मी शपथ पाळली होती, बघितलं नव्हतं. त्यामुळे हसले का चिडले, ह्याचा मला काही पत्ता नव्हता. भाकरी थोडी करपली तेवढं खरं.

मी ओटा पुसत होते तेव्हा फोन वाजला. ह्यांचा. कामाच्या वेळी हे कधी फोन करत नाहीत, मी ओल्या हातानेच उचलला.

"काय केलंस गं तू हे!" पलीकडून आवाज आला. आणि मग आवाजच बंद. नुसती खुसखुस, धाप लागल्यासारखी. मला आधी वाटलं, रडतायत.

"अहो, काय झालं? बरे आहात ना?"

"गेटबाहेर उभा आहे," हे कसेबसे म्हणाले. "सगळे आत गेले, मी एकटाच राहिलोय. ती बाई बोलली की मला तू दिसतेस, तव्यापुढे, पाठमोरी. आणि मग..." परत खुसखुस. मागे ती बाई म्हणत होती, प्लीज ट्राय अगेन, प्लीज ट्राय अगेन. "हे बघ, हसू थांबत नाहीये माझं. तू काहीतरी बोल. टोचून बोल. रोज बोलतेस तसं, लवकर!"

मी फडकं खाली ठेवलं. टोचून बोलायला मला कधी विचार करावा लागलेला नाही, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पण त्या वेळी मी तोंड उघडलं आणि मला काही म्हणजे काही सुचेना. पलीकडे हे हसत होते आणि मी फोन कानाला घट्ट दाबून उभी होते.

"अगं बोल ना!" हे म्हणाले. "अर्धा दिवस कापतील."

"कापू देत," मी म्हटलं.